तुमच्या घरी कोण कोण आहे?

मास्तरांच्या कोटाच्या कॉलरवर एक बारीक सोनेरी कडं टोचलेलं असायचं. लहान मुलीच्या कानातल्या बाळीएवढं. बोलता बोलता त्यांचं बोट तिकडे जायचं, कडं जागेवर आहे ना हे चाचपून बघायचं, आणि मग मास्तर मान ताठ करून म्हणायचे, "प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

प्रमाणपत्र आयरिश भाषेचं. ज्याला आयरिश चांगली बोलता येते त्याने असं कडं लावायचं, अशी त्यांच्या देशातली रीत. समोरच्याला न विचारता कळावं, की या माणसाशी खुशाल आयरिशमध्ये बोला. मास्तरांनी ते शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये अर्धं आयुष्य लावलं. आमच्या गल्लीत तेलुगू ऐकू येते, गुजराती ऐकू येते, कोपऱ्यावरच्या घरातली पोलिश भांडणं तर सगळ्यांना पाठ आहेत. पण मास्तरांच्या कड्याकडे बघून कुणी आयरिशमध्ये तोंड उघडलं असेल, तर शपथ.

"आयर्लंडची भाषा इंग्रजीच ना?" असं मी पहिल्या भेटीत विचारून बसले होते. हसू नका, तुम्हीही तेच विचारलं असतं. मास्तरांनी मला ड्राइव्हवेतच थांबवलं. हातात बर्फाचं फावडं, नाक लाल झालेलं, आणि तोंडाने आयर्लंडचा अख्खा इतिहास. "तुझ्या मराठीचं आणि इंग्रजीचं जेवढं नातं, तेवढंच आमच्या आयरिशचं आणि इंग्रजीचं," ते म्हणाले. मग माझ्या नवऱ्याकडे वळून त्यांनी फावडं तिरकं कसं मारलं म्हणजे श्रम वाचतात हे भूमितीने समजावलं. दार लावताना नवरा म्हणाला, "हा तर आपला गणिताचा मास्तर आहे यार!" आणि खरंच, गृहस्थ हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले निघाले. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं दुसरं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही.

मास्तरांचा एक लाडका सिद्धांत होता. आमच्याशी ते अर्थातच इंग्रजीत बोलायचे, पण मला ते बोलणं आठवतं ते मराठीतच. "आमच्याकडे शिकलेल्या माणसाला आयरिश येते," ते म्हणायचे. "जितकी शाळा जास्त, तितकी आयरिश जास्त. शिक्षकाला विचार, वकिलाला विचार, सरकारी अधिकाऱ्याला विचार, तो म्हणेल, येते. शाळा सोडलेल्याला विचार, तो म्हणेल, नाही येत."

"मग शाळा नव्हत्या तेव्हा कोण बोलत होतं?" मी विचारलं.

"तो वेगळा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. जगातल्या सगळ्या गणिताच्या मास्तरांकडे हे उत्तर तयार असतं.

त्या वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दर रविवारी त्यांच्याच घरी जेवायला यायचं. त्यांची मोठी बहीण. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं, बहिणीनेही नाही. ती शिकागोत एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबली आणि तिच्या कमाईवर इकडे धाकटा भाऊ शिकला. ठेंगणी, रुंद हातांची, खळखळून हसणारी बाई. माझी तिच्याशी पहिल्या रविवारीच गट्टी जमली. मी तिला ताई म्हणायचे. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तिला तो फार आवडला. "सगळ्या जगाची ताई व्हायचं माझ्या नशिबातच आहे," ती म्हणाली.

"ताई, तुम्हालाही आयरिश येते का?" मी विचारलं होतं.

"मला? छे गं पोरी! मला कुठली यायला? मी चौथीत शाळा सोडली. तो शिकला. त्याला येते."

त्याच दुपारी मी त्यांचं भांडं परत द्यायला मागच्या दाराने गेले. मास्तर झोपले होते. ताई घरामागच्या लाकडी डेकवर उभी राहून, पक्ष्यांचे दाणे पळवणाऱ्या एका खारीला सडकून शिव्या देत होती. त्या शिव्या इंग्रजीत नव्हत्या. काय ओघ होता! शब्द न कळताही खारीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला आहे हे मला कळलं, आणि बहुतेक खारीलाही कळलं, कारण ती पळाली. मला बघून ताई शरमली.

"ही कुठली भाषा, ताई?"

"भाषा कसली," ती पदर नसलेल्या खांद्यावर पदर ओढल्यासारखं करत म्हणाली. "घरातलं बोलणं आहे ते."

पुढे मास्तरांनीच एकदा सगळं सांगितलं. त्यांचं घर आयर्लंडच्या पश्चिमेच्या टोकाला, समुद्राकाठी. घरात सगळे आयरिशच बोलायचे, तीही अशी घरातली. हा शेंडेफळ जन्माला आला तेव्हा बापाने ठरवलं, हा एक तरी शिकेल. शिकायचं म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी म्हणजे पुढे अमेरिका. तेव्हा घरात फर्मान सुटलं, की धाकट्याशी कुणी आयरिशमध्ये बोलायचं नाही. आईला इंग्रजी मूठभर शब्दांपलीकडे येत नव्हती. ये. जेव. झोप. एवढ्यावर तिने हे मूल वाढवलं. ताईला शाळेतली थोडी मोडकीतोडकी यायची, म्हणून या मुलाशी बोलण्याचं काम तिच्यावर आलं. "आईने मला जन्म दिला, पण माझ्याशी बोलली ती ताई," मास्तर म्हणाले. हे ते हसत सांगत होते. मला हसू आलं नाही.

पुढे त्यांना चांगल्या शाळेसाठी गावाबाहेर, शहरातल्या मावशीकडे ठेवलं. आणि गंमत बघा, त्या चांगल्या शाळेत आयरिश सक्तीची. जी भाषा घरात याच्या कानावर पडू नये म्हणून सगळे जपत होते, तीच आता पुस्तकातून, छडी खात, व्याकरणासकट शिकायची. मास्तर पहिले आले. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनी आईशी पहिल्यांदा आयरिशमध्ये वाक्य जुळवलं. "आई चुलीपाशी बसली होती. ती उठून उभी राहिली. हात पुसले. मी बसल्याशिवाय बसेना. एवढा मान!" मास्तरांचं बोट कड्यावर होतं. "शिक्षणाला मान असतो."

लहानपणाची त्यांची एकच आठवण खरी आनंदाची होती. लपाछपी. ताई त्यांना जळणाच्या खोपीत नेऊन बसवायची, वर पोती टाकायची, तोंडावर हाताचा पंजा ठेवायची आणि कानात सांगायची, "काही झालं तरी आवाज करायचा नाही." आणि मग खूप वेळ कुणीच शोधायला यायचं नाही. "मी कधी हरलो नाही," मास्तर सांगायचे. "आमच्या गावात माझ्याएवढं चांगलं लपणारं पोर नव्हतं."

दोन हिवाळ्यांपूर्वी ताईंना मेंदूचा झटका आला. शरीर बऱ्यापैकी सावरलं, पण इंग्रजी गेली. झटका आला आणि त्यामागून विसराळूपणही आलं. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. ताईंना नर्सिंग होममध्ये ठेवलं, आणि तिथल्या कुणालाही त्यांचा एक शब्द कळेना. त्या काय मागतात, कुठे दुखतं, काही नाही. नर्सने मास्तरांना फोन केला. तुम्हाला त्यांची भाषा येते का?

"प्रमाणपत्र आहे माझ्याकडे," मास्तर म्हणाले. मी तिथेच उभी होते. त्या दुःखातही त्यांचा आवाज जरा उजळला होता.

डोळे अधू झाल्यामुळे मास्तरांचं लायसन्स गेलं होतं. माझी मुलगी सई रविवारी मराठी शाळेत जाते, त्या हॉलपासून नर्सिंग होम जवळ. मग ठरून गेलं. सईला सोडायचं, मास्तरांना ताईंकडे न्यायचं, येताना दोघांना घ्यायचं. मास्तर पुढच्या सीटवर, इस्त्रीचा कोट, टाय, कॉलरवर कडं. सई मागे, मराठीचं पुस्तक उघडं आणि कपाळावर आठ्या.

"तुमच्या घरी कोण कोण आहे?" सई वाचायची. "माझ्या घरी मी, आई आणि बाबा आहेत."

"काय म्हणते ती?" मास्तरांनी विचारलं. मी अर्थ सांगितल्यावर ते सीटवरच टाळ्या पिटायला लागले. "हाच! हाच आमचा पहिला धडा होता! शब्दशः!" मग त्यांनी सईकडून उत्तर शिकून घेतलं. दर रविवारी गाडी हायवेला लागली, की सई विचारायची, "तुमच्या घरी कोण कोण आहे?" आणि मास्तर एकेक अक्षर घट्ट धरत म्हणायचे, "माझ्या घरी मी आणि माझी ताई." मग दोघं हसायचे.

सईला मराठी का शिकतेस म्हणून मास्तरांनी विचारलं होतं. "फॉर द क्रेडिट," ती म्हणाली. परीक्षा पास झाली, की तिला हायस्कुलात परदेशी भाषेचे मार्क मिळणार होते. परदेशी! "आई, इट्स जस्ट व्हॉट दे कॉल इट," सई म्हणाली. मी लेन बदलली.

त्याच सुमाराला मास्तरांनी त्यांच्या मनातलं सांगितलं. "मला तिच्याकडून दुसरं काही नको. तिने मला एकदा माझ्या नावाने हाक मारावी आणि माझ्याशी तिच्या भाषेत बोलावं. आयुष्यभर ती माझ्याशी उसन्या इंग्रजीत बोलली. आता ते उसनंही संपलं. आता तरी खरं बोलेल."

नर्सिंग होममधल्या पहिल्या भेटीत ताई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मास्तर समोर उभे राहिले, घसा साफ केला आणि आयरिशमध्ये बोलले. इतकं नीटस, इतकं स्वच्छ, की मला न कळताही त्यातलं शुद्धलेखन ऐकू आलं. ताई सावरून बसल्या. दोन्ही हात शालीखाली गेले. त्यांनी हळू आवाजात एकेका वाक्यात उत्तरं दिली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. "बघ, बोलते! सगळं कळतंय तिला!"

मला मात्र ते बरं दिसलं नाही. तिथल्या मदतनीस बाईशी ताई तासन्‌तास बडबड करायच्या, कुरकुर करायच्या, मध्येच खुसुखुसू हसायच्या. ती बिचारी "येस डार्लिंग, येस डार्लिंग" करत राहायची. दोघींचं छान चालायचं. मास्तर दारात दिसले, की बोलणं बंद. हेडमास्तरांच्या खोलीत उभं केलेल्या मुलीसारखी ही बाई, जी खारीला सोडत नव्हती.

"मास्तर, त्या घाबरतात का तुम्हाला?" मी गाडीत विचारलं.

"मान ठेवते," मास्तर म्हणाले. "मी शिकलेला आहे ना."

पण रविवारमागून रविवार गेले आणि ताईंनी नाव काही घेतलं नाही. हो, नाही, बरं आहे, देवाची कृपा. याच्यापुढे गाडी जाईना. शिवाय त्या भरभर काही बोलल्या, की मास्तरांना निम्मं कळायचं नाही, हे त्यांनी एकदाच आणि फार खालच्या आवाजात कबूल केलं. मग त्यांनी विद्यापीठातल्या एका तरुणाला बोलावलं. अमेरिकेतच जन्मलेला, पण आयरिशमध्ये डॉक्टरेट केलेला. त्याच्याही शर्टाला तसंच कडं. तो इतकं सुरेख बोलला, की मास्तर ऐकतच राहिले. ताई खुर्चीचे हात धरून, लटपटत, उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. बाहेर आल्यावर तरुण भारावला होता. एकेक शब्द सोन्याचा आहे, रेकॉर्ड करू देता का, म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, "पण त्या मला सारखं 'साहेब' म्हणत होत्या."

"आमच्याकडे पद्धत आहे," मास्तर म्हणाले.

पानं झडायच्या दिवसांतला एक रविवार. मास्तर गाडीत बसतानाच खुशीत होते. "मी चुकीचे प्रश्न विचारत होतो," ते म्हणाले. "तब्येत कशी, जेवलीस का, याला हो-नाहीच उत्तर येणार. आज मी तिला पहिला धडा विचारतो." मागून सई ओरडली, "तुमच्या घरी कोण कोण आहे!" मास्तर म्हणाले, "अगदी बरोबर. घरातल्यांची नावं घेताना माझंही घेईलच."

मी ताईंसाठी संत्रं सोलत बसले होते. मास्तरांनी प्रश्न विचारला. ताईंनी लगेच, धडा पाठ असल्यासारखं, उत्तर दिलं. मास्तर प्रत्येक नावाला मान डोलावत होते. मग ताई थांबल्या. मास्तरांनी आणखी काही विचारलं. ताईंनी मान हलवली. मास्तरांनी पुन्हा विचारलं, जरा पुढे झुकून. ताई या वेळी मोठ्याने बोलल्या, आणि बोलताना त्यांची नजर मास्तरांवर नव्हती, कोपऱ्यातल्या कपड्यांच्या कपाटावर होती. मास्तर उठले आणि कोटाची बटणं लावायला लागले. आधीच लावलेली होती.

पहिला सिग्नल आला तेव्हा मास्तरांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "आई. बाबा. ती. मधला भाऊ. एवढेच. मी विचारलं, आणि धाकटा? तर म्हणाली, या घरात धाकटा मुलगा नाही, साहेब."

मी म्हटलं, आजार आहे हो मास्तर, माणसं विसरतात. माझी आत्या शेवटी स्वतःच्या मुलाला पोस्टमन समजायची. असं काहीबाही बोलत राहिले. दुसऱ्याला धीर द्यायची वेळ आली, की आपण असे मूर्खासारखे वाहवत जातो. मास्तर "हो, हो" म्हणत होते. येताना सईने प्रश्न विचारला नाही.

त्याच आठवड्यात दुपारी आमची बेल वाजली. मी कॉलवर होते. दारात मास्तर, पायात घरातल्या चपला, अंगात स्वेटर नाही, आणि बाहेर बोचरी थंडी. मी कॉल कट केला आणि त्यांना आत ओढलं.

"ती लपाछपी नव्हती," मास्तर म्हणाले.

चहा पुढे ठेवला, तो तसाच राहिला. ते तुटक तुटक सांगत होते. त्या भागात सरकारी तपासनीस घरोघर यायचे. घरातली मुलं आयरिश बोलतात का बघायला. मुलांना समोर उभं करायचे, प्रश्न विचारायचे. भाषा टिकावी म्हणून, ज्या घरातली सगळी मुलं बोलायची त्या घराला सरकारचं अनुदान. एखादं पोर इंग्रजीत बोललं, की त्या घराचं गेलं. आणि या घरात तर एक पोर मुद्दाम इंग्रजीत वाढत होतं. तपासनीस वाटेवर दिसला, की ताई त्या पोराला उचलायची आणि जळणाच्या खोपीत पोत्याखाली बसवायची.

"तो साहेब कसा बोलायचा ठाऊक आहे?" मास्तर म्हणाले. "माझ्यासारखा. पुस्तकातलं. आमच्या गावात तसं दुसरं कुणी बोलत नव्हतं. खोपीच्या फटीतून मला दिसायचा. कोट घालायचा. टाय. आणि कोटाला..." त्यांचं बोट सवयीने छातीकडे गेलं. घरातल्या शर्टावर कडं नव्हतं. "पहिला प्रश्नही तोच विचारायचा. घरी कोण कोण आहे."

मी चहा उचलून पुन्हा गरम करायला ठेवला.

"ती मला विसरलेली नाही," ते म्हणाले. "ती मला लपवते आहे. माझ्यापासून."

माझा स्वभाव असा, की कुणी रडायला लागलं की मी कामाला लागते. दिवसभर सॉफ्टवेअरमधले दोष शोधायची नोकरी. दोष सापडला म्हणजे उपाय असणारच, ही खात्री. मी म्हटलं, "मग सोपं आहे मास्तर. कोट काढा. कडं काढा. आयरिश बोलूच नका. लहानपणी बोलायचात तसं इंग्रजीत बोला. म्हणा, ताई, मी आहे." मास्तरांनी माझ्याकडे अशा आशेने बघितलं, की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

रविवारी ते जुन्या स्वेटरमध्ये आले. कडं नव्हतं. त्या जागी नजर जायची सवय मलाही लागली होती, म्हणून ते मला कुणी दुसरेच वाटले. ताईंच्या खोलीत ते उभे राहिले नाहीत. खुर्चीशेजारच्या बुटक्या स्टुलावर, त्यांच्या गुडघ्यापाशी बसले आणि इंग्रजीत हळूच म्हणाले, "मी आहे."

ताईंनी बघितलं. सांगते तुम्हाला, ओळख अशी डोळ्यात उमटताना मी त्याआधी पाहिली नव्हती. चेहरा पार उघडला. मास्तर हसले आणि पुढे बोलायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात ताईंचा रुंद पंजा त्यांच्या तोंडावर बसला. दुसऱ्या हाताने त्यांनी मास्तरांचं डोकं खाली दाबलं, वर शाल ओढली, आणि दाराकडे बघत राहिल्या. कानाशी वाकून त्या काही पुटपुटल्या. ते आयरिश होतं की मोडकी इंग्रजी, मला कळलं नाही. अर्थ मला माहीत होता, तुम्हालाही आहे.

मी मागे वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं.

त्यानंतर मास्तरांनी पुष्कळ वेळा करून पाहिलं. इंग्रजीतला एक शब्द, की तोंडावर हात. आयरिशमधला एक शब्द, की हात शालीखाली आणि "साहेब". कधी त्यांनी ताईंच्या तोंडचं ऐकून तसं मोडकं, घरातलं बोलायचा प्रयत्न केला. पण शिकलेलं काही विसरता येत नाही. एवढी शाळा शिकलेल्या या माणसाकडे सख्ख्या बहिणीशी बोलायला एक भाषा उरली नव्हती. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. नुसते स्टुलावर बसायचे. कधीकधी मुद्दाम एखादा इंग्रजी शब्द उच्चारायचे, म्हणजे ती तोंडावर हात ठेवील. तो हात तसाच राहू द्यायचे.

"एवढंच ओळखते ती मला," ते मला म्हणाले. "आणि ओळखते तेव्हा गप्प करते."

बर्फ वितळायच्या सुमाराला ताई गेल्या. मास्तर त्यांच्यापाशीच होते. शेवटी काही बोलल्या का, असं मी विचारलं नाही. चर्चमध्ये विद्यापीठातल्या त्या तरुणाने आयरिशमध्ये प्रार्थना म्हटली. एक उच्चार चुकला नाही. लोक म्हणाले, किती भाग्यवान, आपल्या भाषेत निरोप मिळाला. पहिल्या रांगेत मास्तर बसले होते, कोट होता, कडं नव्हतं, आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणायलाही त्यांचे ओठ हलले नाहीत. मला त्या तरुणाचा फार राग आला. त्याची काहीही चूक नव्हती.

मास्तर त्यानंतर उन्हाळाभरही जगले नाहीत. आता त्या घरात पुण्याहून आलेलं एक जोडपं आहे, त्यांच्या मुलाला पुढच्या वर्षी मराठी शाळेत घालायचं म्हणतात. मला माहिती विचारायला आले होते. मी वेळा सांगितल्या, हॉलचा पत्ता सांगितला. बाकी काय सांगणार? सई परीक्षा पास झाली. प्रमाणपत्र आलं, ते फ्रिजवर लावलं आहे. नागपूरहून आजीचा व्हिडिओ कॉल आला, की ती "हाय आजी" म्हणते आणि फोन माझ्या हातात देते. आजी म्हणते, राहू दे, अभ्यास असेल. मी त्या दोघींच्या मध्ये फोन धरून बसते आणि मला हरल्यासारखं वाटतं.

ते प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी शिरा केला आणि सईला घेऊन मास्तरांकडे गेले होते. ती त्यांची शेवटची भेट. ते खिडकीपाशी ताईंच्या शालीवर बसले होते, पांघरलेली नव्हती, खाली घेतलेली. डेकवर खार दाणे खात होती, तिला कुणी हाकलत नव्हतं. बरेच दिवस ते कुणाशी फारसं बोलत नाहीत हे सईला ठाऊक होतं. पोरीला वाटलं, जुनी गंमत करू, हसतील.

"मास्तर," तिने विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण आहे?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना उत्तर पाठ होतं. "माझ्या घरी..." त्यांनी सुरुवात केली, तोच घट्ट धरलेला उच्चार. मग त्यांचा उजवा हात वर आला. मला वाटलं, सवयीने कॉलरकडे जाईल. तो वर तोंडापर्यंत गेला, पंजा उघडला आणि ओठांवर बसला. सई वाट बघत उभी राहिली. आम्ही निघालो तेव्हाही हात तिथेच होता.